मोटारीचं ते, आणि तिन्हीसांजेचा दिवा

आमच्या घरात दोन नावे घेतली जात नसत. एक यांचे, कारण नवऱ्याचे नाव बायकोने घ्यायचे नाही अशी रीत. दुसरे मोटारीत घालायच्या पेट्रोलचे. यांना मी 'हे' म्हणायची आणि पेट्रोलला माझ्या सासूबाई 'ते' म्हणायच्या. हे आले का, ते संपलं का, एवढ्या दोन प्रश्नांवर आमचा संसार पुष्कळ वर्षे सुरळीत चालला.

आता हे नाहीत. मार्गशीर्षात गेले. वय झाले होते, झोपेतच गेले, कुणाला त्रास दिला नाही. भेटायला येणारी माणसे त्यांच्या वकिलीच्या गोष्टी काढतात. मी ऐकून घेते. पण एकटी असले की मला मागच्या आवारातली मोटार आठवते आणि एक संध्याकाळ आठवते. ती लिहून ठेवावी असे वाटते. घाई कशाचीच नाही. सुचेल तसे लिहिते.

निजामाचे राज्य होते तेव्हाची गोष्ट. औरंगाबादेत औरंगपुऱ्यात आम्ही राहत होतो. घर भाड्याचे, पुढे अंगण आणि तुळस, मागे मोठे आवार आणि आवाराच्या मधोमध कडुलिंबाचे झाड. हे वकील. कचेरीचे सगळे काम उर्दूत चाले. पैठण, गंगापूर, वैजापूर अशा तालुक्यांच्या कचेऱ्यांत हिंडावे लागे. सकाळी शेरवानी घालून निघायचे आणि कधी बैलगाडी, कधी टांगा, कधी आगगाडी असे करत मुक्कामाला पोहोचायचे. एक साहेब बदली होऊन हैदराबादला निघाले, त्यांची जुनी मोटार यांनी घेतली. काळी, वर कापडी छत असलेली. लिंबाच्या पलीकडे पूर्वी कुणाचा तरी गोठा होता, त्यात ती उभी राहिली.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे, आमच्याकडे तसेच म्हणतात. हे त्यांचे एकुलते एक. आधीची लेकरे राहिली नव्हती. त्यामुळे यांच्या जिवाची काळजी हेच आत्याबाईंचे काम होते, दुसरे कुठले काम त्या करत असतील तर ते मधल्या वेळात. रोज तिन्हीसांजेला निरांजन लावून त्या घरभर फिरत. देवांना दिवा दाखवून झाला की धान्याच्या कणगीला, जात्याला, यांच्या कचेरीच्या कागदांच्या बस्त्याला आणि खुंटीवरच्या शेरवानीलासुद्धा. त्यांचे म्हणणे साधे होते. जे माझ्या लेकराला पोसतं आणि जे त्याला वाटेनं नेतं, त्याला तिन्हीसांजेला दिवा दिसला पाहिजे. नाही दिसला तर ते उलटतं.

मोटार आली त्याच संध्याकाळी त्या निरांजन घेऊन गोठ्याकडे निघाल्या आणि यांनी लिंबाखालीच त्यांना अडवले.

"आई, तिथं दिवा न्यायचा नाही."

"का? तुला वाटेनं नेणारी म्हणून आणलीस ना?"

"आणली. पण तिच्या पोटात जे आहे ते दिवा बघितला की भडकतं."

"मग असलं कशाला घालतोस तिच्या पोटात? गोडं तेल घाल."

हे हसले. पण दिवा पुढे जाऊ दिला नाही. आत्याबाई तशाच मागे फिरल्या. त्या रात्री जेवताना त्या मला म्हणाल्या, "बघ बाई, अंधारात ठेवायला लागलाय तिला. मला हे काय बरं दिसंना."

भांडण इथून सुरू झाले आणि ते पुष्कळ दिवस चालले. भांडण म्हणजे आवाज चढवून नव्हे. दोघेही एकाच माणसाचा जीव राखू बघत होते. आई म्हणे, दिवा दाखवला नाही तर माझ्या लेकाचे काही खरे नाही. लेक म्हणे, दिवा दाखवला तर माझे काही खरे नाही. मी मध्ये.

मोटारीबरोबर एक इंग्रजी पुस्तक आले होते. माझ्या वडिलांनी मला थोडे इंग्रजी शिकवले होते आणि शाळेत उर्दू झाले होते, म्हणून हे मला चेष्टेने 'मुन्शीबाई' म्हणत. संध्याकाळी ओसरीवर बसून आम्ही दोघे ते पुस्तक वाचत असू. लग्नानंतर आम्ही दोघांनी मिळून वाचलेले ते पहिले पुस्तक. त्यात प्रेमाचे काही नव्हते, पण मला ते फार आवडे. पेट्रोल स्वतः जळण्याआधी त्याची वाफ जळते, ती वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीवरून सरपटत जाते, हे मी त्यातच वाचले. मी ते मराठीत सांगितले तेव्हा यांनी पुस्तक मिटले. मग म्हणाले, "म्हणजे सापासारखी. दिसत नाही एवढंच." त्या दिवसापासून आवारात काही जमिनीवर ठेवायचे म्हटले की मी पदर आवरून घ्यायची, जणू खरेच काही पायाशी फिरते आहे.

घरात त्याला म्हणायचे काय, हाही एक प्रश्न झाला. सगळे गाव त्याला मोटारचे तेल म्हणे. यांनी बजावले की आपल्या घरात तेल हा शब्द त्याला लावायचा नाही. तेल म्हटले की कुणीतरी एक दिवस दिव्यात ओतील. मग आत्याबाई त्याला मोटारीचं पाणी म्हणू लागल्या, कारण दिसायला पाण्यासारखेच. तेही यांना चालेना. पाणी म्हटले की कुणीतरी चुलीवर ओतील. शेवटी वैतागून म्हणाले, "जहर म्हणा. जहर म्हटलं की कुणी हात लावणार नाही." आत्याबाईंनी कानावर हात ठेवले. घरात रोज उठून असला शब्द? त्यांनी त्याला 'मोटारीचं ते' म्हणायला सुरुवात केली आणि मग नुसते 'ते'. ते नाव टिकले.

ते सीलबंद डब्यांतून येई. स्टेशनाकडे एका दुकानात दोन प्रकारचे डबे असत, एक साधे आणि एक उंची. दुकानदार यांना दर वेळी उंचीचा आग्रह करी. वकीलसाहेबांच्या मोटारीला साधे कसे शोभेल, असे त्याचे म्हणणे. हे एकदा त्याला म्हणाले, "शेठ, माझी मोटार म्हातारी आहे. तिला भाकरी पचते. रोज बदामाचा शिरा घातला तर ती काही तरणी होणार नाही." पुस्तकातही तसेच होते. ज्या इंजिनाला जे लागते ते द्यावे. हलके दिले तर इंजिन चढावर ठकठक करू लागते, आणि भारी दिले म्हणून जास्त पळत नाही. मला ही गोष्ट मोटारीपुरतीच खरी आहे असे कधी वाटले नाही.

डबा घेताना हे आधी सील बघत, मग झाकणाच्या कडेला गंज आहे का ते बघत. घरी आल्यावर पांढऱ्या कागदावर एक थेंब सोडत आणि मला बोलावत. चांगले असेल तर थेंब बघता बघता उडून जाई आणि कागद कोरा राही. घासलेट मिसळलेले असेल तर तेलकट कडे उमटे. एकदा त्यांनी माझ्या तळहातावर थेंब सोडला. गार लागले आणि गेले. मागे काही राहिले नाही. हात धुवायला त्यांनी लगेच पाणी दिले, साबण दिला आणि तो हात तोंडाला लावू नकोस म्हणून दोनदा सांगितले.

भरण्याचे कामही हे सकाळच्या उजेडात करत, उघड्यावर, इंजिन गार झाल्यावर. नरसाळ्यात सांबराचे मऊ कातडे घालत. त्यातून पेट्रोल खाली जाई आणि पाणी नि कचरा वर राही. डब्याचे तोंड नरसाळ्याला टेकवूनच ओतत, उंचावरून धार सोडत नसत. टाकी काठोकाठ भरत नसत, कारण उन्हात ते फुगते. उरलेला डबा घट्ट लावून लिंबाच्या पलीकडे सावलीत, मातीत अर्धा पुरून ठेवत. यात कधी खंड पडला नाही. मला वाटे, देवपूजेत हे एवढे नेमाने वागले असते तर आत्याबाईंना केवढे समाधान झाले असते.

शेजारणी वाटी घेऊन येत. कुणाला शालूवरचा डाग काढायचा असे, कुणाला पलंगातले ढेकूण मारायचे असत. हे कुणालाही थेंबभर देत नसत. "डाग जाईल, पण शालू नेसून चुलीपुढं बसाल," असे हात जोडून सांगत. औरंगपुऱ्यात आम्हाला कंजूष म्हणत. एका बाईने तर मला तोंडावर म्हटले, "तुमच्या घरचं ते काय गंगाजळ आहे का, बाई?"

मोटारीचे काम बघायला एक मिस्त्री येत. मूळचे हैदराबादचे. हात काळे, पण बोलणे असे की दरबारात बसलेत. कुणाला 'या' म्हणायचे नाही, 'तशरीफ लाइए' म्हणायचे. बिडी कानावर अडकवलेली असे, पण आवारात ती त्यांनी कधी पेटवली नाही, वेशीबाहेर जाऊन ओढून येत. आत्याबाईंना ते अम्मा म्हणत. आत्याबाईंना त्यांचे अर्धे बोलणे कळत नसे, पण ऐकायला आवडे. "मिस्तरी बोलायला लागले की जेवल्यासारखं वाटतं," असे त्या म्हणत.

आता त्या संध्याकाळकडे येते.

हे लासूर स्टेशनला एका पक्षकाराकडे गेले होते. परत यायला पेट्रोल पुरेना म्हणून तिथल्याच एका अडत्याकडून सुटा डबा घेतला. सील नव्हते. उशीर होत होता, थेंब बघायला कागद काढला नाही. वाटेत मोटार खोकायला लागली, मागून पांढरा धूर निघू लागला आणि कशीबशी घरी पोहोचली. दुसऱ्या दिवशी पैठणला जायचे होते. बिडकीनच्या एका म्हातारीचे घर कज्ज्यात अडकले होते, तारीख चुकली असती तर एकतर्फी निकाल लागला असता. म्हणून मिस्त्रींना दुपारीच बोलावणे पाठवले. सगळी टाकी रिकामी करून, धुऊन, नवे पेट्रोल घालायचे ठरले.

"हुजूर," मिस्त्री थेंब हुंगून म्हणाले, "ये पेट्रोल नहीं है. ये तो घासलेट की शादी में पेट्रोल मेहमान आया है."

टाकीखालचा नट गंजून बसला होता. तो निघेना. यांनी बजावले होते की उजेड आहे तोवरच काम करायचे, उजेड गेला की उद्या पहाटे. पण नट आता निघेल, मग निघेल, असे करता करता सूर्य मावळला. मी ओसरीच्या मागच्या दाराशी उभी होते. आवारात अजून चेहरे ओळखू येत होते. मी म्हणालेही, "आता राहू द्या, सकाळी बघा."

"हा निघालाच," हे मोटारीखालून म्हणाले.

आणि तो निघाला. एकदम निघाला. खाली ठेवलेले घमेले बाजूला सरकले आणि धार यांच्या अंगावर आली. शर्ट, धोतर, हात, सगळे भिजले. मिस्त्रींनी भोकात अंगठा घातला आणि तसेच वाकून राहिले. आवारभर तो उग्र वास पसरला. तो दारापर्यंत आला आणि मला माझ्या पायाशी काहीतरी सरपटत आल्यासारखे वाटले.

त्याच वेळी लिंबाच्या दुसऱ्या अंगाने, बोळातून, आत्याबाई आल्या. हातात तबक, तबकात निरांजन. मला वाटते, दुसऱ्या दिवशी लेक लांब जायचा आणि आदल्याच दिवशी मोटार वाटेत रुसलेली, म्हणून त्यांनी मनाशी ठरवले असावे की आज काही झाले तरी तिला दिवा दाखवायचाच. यांना विचारायचे नाही. हे तर मोटारीखाली होते. त्यांना आई दिसतच नव्हती.

मिस्त्रींना दिसली. त्यांचे दोन्ही हात गुंतलेले. एवढ्या घाईतही त्या माणसाच्या तोंडून अदब सुटली नाही.

"अम्मा! चिराग बढ़ाइए! खुदा के वास्ते, चिराग बढ़ाइए!"

उर्दूत दिवा विझवा असे म्हणत नाहीत. विझणे हा शब्द दिव्याला लावणे अशुभ. दिवा बढ़ाना म्हणायचे, म्हणजे मालवणे. आमच्या शाळेतल्या उस्तादणींनी आम्हाला हे पहिल्याच वर्षी शिकवले होते. पण आत्याबाई शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांनी ऐकले ते त्यांच्या भाषेत. दिवा वाढवा. पुढे आणा.

त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. एवढे दिवस लेकाने अडवले, आणि आज हा परका माणूस, दुसऱ्या धर्माचा, हात जोडल्यासारखा सांगतो आहे की अम्मा, दिवा पुढे आणा. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी काडीने वात पुढे सारली. ज्योत मोठी झाली. आणि त्या लिंबाच्या पुढे आल्या.

"बढ़ाइए, अम्मा, बढ़ाइए!" मिस्त्री ओरडले.

"आले, बाबा, आले," आत्याबाई म्हणाल्या.

मी ओरडले असते तर त्या घाबरल्या असत्या आणि तबक हातातून पडले असते. धावत गेले असते तर माझ्या पदराचा वारा. हे सगळे मला नंतर सुचले. तेव्हा काही सुचले नाही. तोंडातून आपोआप निघाले ते एवढेच,

"आत्याबाई, तुळशीचा दिवा गेला."

त्या जागच्या जागी थांबल्या. तुळशीचा दिवा तिन्हीसांजेला जाणे याच्यापुढे मोटार काय आणि मिस्त्री काय.

"गेला? आत्ता तर लावला होता की गं!"

"वारा आला. लवकर चला. हा वर धरा, छातीशी, खाली नको."

त्यांनी तबक वर धरले, दुसऱ्या हाताचा आडोसा केला आणि माझ्यामागून झपाझप चालू लागल्या. बोळातून, घराच्या कडेने, पुढच्या अंगणात. मी मागे वळून बघितले नाही. मला वाटत होते, मागे वळले तर ते सरपटणारे आमच्या मागोमाग येईल.

तुळशीचा दिवा शांतपणे जळत होता.

आत्याबाईंनी त्याच्याकडे बघितले, मग माझ्याकडे. "हा तर हाय की."

मी खाली बसले. त्यांना हळूहळू सांगितले. मिस्त्री काय म्हणाले, त्याचा अर्थ काय, यांच्या अंगावर काय सांडले होते. त्या ऐकत होत्या. हातातले निरांजन त्यांनी तुळशीपाशी ठेवले आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या.

"म्हंजी मी माझ्याच हातानं..." त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी चूल पेटली नाही. यांनी अंगावरचे कपडे आवारातच काढून भिंतीवर टाकले, विहिरीवर अंधारात घागरींवर घागरी ओतून घेतल्या आणि तरी घरात आले नाहीत, पुढच्या पायरीवर बसले. मिस्त्रींनी भोक बंद केले, सांडलेल्या जागेवर कोरडी माती पसरली आणि त्या दिवशी वेशीबाहेर बिडी ओढायलाही गेले नाहीत. आम्ही सगळ्यांनी शिळी भाकरी आणि दही खाल्ले, तुळशीच्या त्या दिव्याच्या उजेडात, त्याच्यापासून लांब बसून.

मिस्त्री फार ओशाळले होते. "अम्मा, हम बुझाओ कैसे कहते? आपके सामने? चिराग को?"

आत्याबाईंना आता अर्थ कळला होता. त्या म्हणाल्या, "नाय, बाबा, तुझं बरोबर हाय. मी तरी कुठं विझवा म्हणते? मालवा म्हणते. तू मालवा म्हणाला असतास तर मला कळलं असतं."

"मुझे मालवा मालूम होता तो बोलता न, अम्मा."

मला तेव्हा वाटले की आमच्यात एक जरी उद्धट माणूस असता तर सरळ 'विझवा' म्हणाला असता आणि काही झाले नसते. दोघांनाही अशुभ शब्द तोंडातून काढायचा नव्हता आणि त्या भल्या चालीपायी सगळे जळायची वेळ आली होती.

मग हे पायरीवरून म्हणाले, "आई, तुझी बांगडी फुटली की तू काय म्हणतेस?"

"फुटली नाय म्हणू. वाढली म्हणावं."

"मग वाढली की ती जाड होते का?"

आत्याबाई आधी रागावल्या. "आईची चेष्टा करायलास, मेल्या!" मग त्यांना कळले. शब्द आमच्याच घरात होता. रोजचा होता. बांगडीला चालत होता, मंगळसूत्राच्या तुटलेल्या दोऱ्याला चालत होता, फक्त दिव्याशी आपण तो कधी नेला नव्हता. त्या हसू लागल्या आणि हसता हसता रडू लागल्या. यांच्या डोक्यावरून हात फिरवायला उठल्या, तर हे म्हणाले, "थांब, आई, अजून वास आहे अंगाला."

"असू दे," त्या म्हणाल्या. "माझ्या हातात आता दिवा नाय."

पहाटे उजेड झाल्यावर टाकी धुतली गेली, नवे पेट्रोल भरले आणि हे पैठणला वेळेवर पोहोचले. बिडकीनच्या म्हातारीचे घर राहिले. पण माझ्या दृष्टीने त्या दिवसाची मोठी गोष्ट संध्याकाळी झाली. तिन्हीसांजेला आत्याबाई निरांजन घेऊन निघाल्या. मी मागे गेले. त्या लिंबापाशी जाऊन थांबल्या. तबक दोन्ही हातांनी छातीच्या वर उचलले आणि तिथूनच, लांबून, मोटारीला दिवा दाखवला. गोठ्यात हे उभे होते. त्यांनी तिथून आईला हात जोडले. त्यानंतर रोज तसेच. दिवा लिंबापर्यंत यायचा, त्याच्यापुढे नाही. आत्याबाईंचे मन राहिले आणि यांचे पुस्तकही राहिले. वाद संपला.

पुढे पुष्कळ काही झाले. निजामाचे राज्य गेले. आत्याबाई गेल्या. मिस्त्री आपल्या मुलाकडे हैदराबादला गेले. जायच्या आधी निरोप घ्यायला आले आणि आत्याबाईंची खोली बाहेरून बघून डोळे पुसून गेले. ते घर आम्ही विकत घेतले. मोटार थकली, तिला घेऊन जाणाऱ्या माणसाला यांनी जाता जाता डबा कुठे ठेवायचा, थेंब कसा बघायचा ते सगळे सांगितले. तो माणूस मान हलवत होता आणि त्याच्या तोंडात बिडी होती. यांनी ती काढायला लावली.

हे गेले त्या दिवशी घर बायकांनी भरले. माझ्यापेक्षाही वयाने मोठी असलेली एक शेजारीण माझ्याजवळ बसली, माझे हात आपल्या मांडीवर घेतले आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाई, आता बांगड्या वाढवाव्या लागतील."

मी तिच्याकडे बघितले आणि मला यांचा आवाज ऐकू आला. मग वाढली की ती जाड होते का? माझ्या तोंडावर हसू आले असावे. बायकांनी एकमेकींकडे बघितले. त्यांना वाटले असेल, हिचे भान गेले. मी काही सांगितले नाही. हात पुढे केले. एवढा भला, एवढा हळुवार शब्द, आणि त्याच्या आत केवढे काय असते, ते त्या संध्याकाळी मला अर्धेच कळले होते.

आता तिन्हीसांजेला दिवा सूनबाई लावते. तुळस झाली की मागच्या आवारात जाते. गोठा कधीच पडला, तिथे आता जास्वंद आहे. मी ओसरीवर बसून बघते. ती लिंबापाशी जाऊन थांबते, दिवा छातीच्या वर धरते आणि परत फिरते. मी तिला हे कधी शिकवले नव्हते. आत्याबाईंचे बघून मी करत होते, माझे बघून ती करते.

काल मी तिला म्हटले, "जा की पुढं. आता तिथं भडकण्यासारखं काही नाही."

तिला मी काय म्हणते ते कळले नाही. ती म्हणाली, "नको, आई. आपल्याकडं दिवा लिंबापर्यंतच असतो."